शिक्क्यात अडकलेली शाई

शिक्का पुसट उठू लागला की आपल्याकडचा उपाय ठरलेला: पॅडमध्ये आणखी शाई ओतायची. शाई कमी पडली असणार, असा आपला हिशेब. पण बऱ्याचदा उलटंच असतं. अक्षरांच्या खाचांत जुनी शाई, कागदाचे तंतू आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. त्यावर नवी शाई पडली की खाच पार बुजते आणि अक्षराऐवजी डाग उठतो.

आपल्या लिप्यांना हे फारच महागात पडतं. मराठीत अनुस्वार गेला की शब्द बदलतो. उर्दूत तर सगळा कारभार नुक्त्यांवर! ‘पे’खालचे तीन नुक्ते शाईने एकमेकांना चिकटले की वाचणारा त्याला ‘बे’ समजतो. आकड्यांचंही तेच. ओळखीतल्या एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी परत आला. शिक्क्यातला ११ अंकी यूडायस क्रमांक लागेना. इंग्रजी आकड्यातला तीन आहे की आठ, तेच कळेना. नवा दाखला आणायला तिचे अब्बा मुरबाडच्या पलीकडच्या गावी गेले. भाडं गेलं ते गेलं, दिवसाची मजुरीही बुडाली.

शिक्का पुसायला दोन मिनिटं लागतात. काम संपल्यावर, शाई ओली असतानाच, तो रद्दी कागदावर दाबत राहावा, ठसा दिसेनासा होईपर्यंत. मग ओलं करून घट्ट पिळलेल्या सुती फडक्यावर दाबावा. खाचांसाठी जुना मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याचे दोन थेंब पुरतात. कोरड्या फडक्याने टिपून, रबराची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावा. उन्हाने रबर तडकतं.

शिक्का पाण्यात बुडवून ठेवू नये, लाकडाला चिकटवलेलं रबर सुटतं. नाही तरी एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बुडवायला पाणी आहे कुठे? तानसा, भातसा आपल्याच शहापूर तालुक्यात, पाणी मात्र मुंबईला.

काही जण रॉकेल किंवा थिनर वापरतात. शाई निघते खरी, पण रबर फुगतं आणि अक्षरं कायमची जाड होतात. टाचणीने कोरणंही नको, कडा तुटते. रबरावर जांभळी छटा उरली तर उरू द्या. पांढऱ्या कपड्यावर दाबून शाई लागत नसेल तर शिक्का स्वच्छ आहे.

ईदच्या कार्डांसाठी मुलं चंद्र-ताऱ्यांचे शिक्के घेऊन बसतात, तेव्हा मात्र जवळ लक्ष ठेवावं. साध्या पॅडऐवजी ॲक्रिलिक किंवा कापडावरचा रंग घेतला असेल तर तो वाळून प्लास्टिकसारखा घट्ट होतो, मग साबणपाण्याला दाद देत नाही. सगळी कार्डं होईपर्यंत न थांबता मध्ये मध्ये पुसायला लावावं. परमनंट शाई असेल तर फडक्याला थोडं स्पिरिट लावून झटकन पुसावी. हे काम मोठ्यांनी करावं, आणि चुलीपासून लांब. ठोकळ्यावर चिकटवायचे पारदर्शक शिक्के असतात, त्यांना स्पिरिट लावू नये, साबणपाणीच बरं.

आणि पॅडचं झाकण लावत जा. खडूची धूळ बसून वर्गातले पॅड कसे राखाडी होतात, ते आम्ही शिक्षक रोज पाहतो.