आधी मोजा, मग बदला!

शनिवारी वॉशिंग मशीनने तापमान-सेन्सरची एरर दिली. मेकॅनिक काहीच न मोजता म्हणाला, "भाऊ, बोर्डच बदलवा लागते." छातीत धस्स झालं! तो गेल्यावर प्लग काढून मीच मल्टीमीटर घेऊन बसलो.

हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. नागपूरच्या मे महिन्यात गरम पाणी थेट टाकीतूनच मिळतं :-) त्यात सेन्सर बुडवला, आकडा व्यवस्थित उतरला. म्हणजे सेन्सर ठणठणीत! दोष निघाला सैल कनेक्टरमध्ये.

२०२२ मध्ये सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, चांगलंच केलं. पण माझ्या मते दुरुस्तीचा हक्क मोजण्यापासून सुरू होतो. ऑफिसात आपण लॉग न बघता सर्व्हर बदलतो का हो?