देवळीची अर्धी आठवण

देवळी म्हटले की चळवळीचा इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला डांगे आठवतात. (वर्ध्याजवळची देवळी नव्हे, राजस्थानातील.) दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे, जयप्रकाश नारायण अशांना खटल्याविना तेथील छावणीत डांबले. १९४१ मध्ये स्थानबद्धांनी उपोषण केले, आणि ना. म. जोशी यांनी त्यांचा प्रश्न मध्यवर्ती विधिमंडळात लावून धरला. हा अन्याय होता, याविषयी आपल्यात दुमत नाही.

मग त्याच छावणीच्या दुसऱ्या अध्यायाविषयी आपण गप्प का?

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले आणि २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. पाठोपाठ विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्याची व्याप्ती वाढवण्यात आली. आक्रमक देशाचा नागरिक किंवा प्रजाजन आपण स्वतः कधी नसलो, तरी आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणी एके काळी असले, एवढे पुरे. मित्रहो, ही तरतूद सावकाश वाचा. संशय माणसाच्या कृत्यावर नव्हता, त्याच्या आजोबांवर होता.

आसामातील माकुम येथील चिनी वस्ती चहामळ्यांच्या काळापासूनची. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात चिनी कामगार आणले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी स्थानिकांशी सोयरिकी केल्या, दुकाने थाटली. १९६२ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना घराबाहेर काढले, तेव्हा त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती. शिलाँग, दार्जिलिंगकडेही तेच घडले. सुमारे तीन हजार माणसे आगगाडीने कित्येक दिवसांचा प्रवास करवून देवळीला नेली. आरोपपत्र नाही, खटला नाही.

येथे ठरलेले उत्तर येते : ‘युद्धकाळात असे करावेच लागते.’ ठीक, हेच माप लावू. २१ नोव्हेंबरला युद्धविराम झाला, तेव्हा यांतील अनेकजण छावणीपर्यंत पोहोचलेही नव्हते. युद्ध महिनाभराचे, शेवटचे स्थानबद्ध सुटले १९६७ मध्ये. उरलेल्या चार वर्षांहून अधिक काळात ती मुले कोणत्या सीमेला धोका होती? जॉय मा या लेखिकेचा तर जन्मच त्या छावणीतला. १९६३ मध्ये सुमारे २,४०० जणांना जहाजांतून चीनला धाडण्यात आले. त्यांतील कित्येकांनी तो देश पूर्वी पाहिलाही नव्हता. सुटून घरी परतलेल्यांपैकी अनेकांची घरेदुकाने हातची गेली होती. (शत्रुसंपत्तीच्या अभिरक्षकाचे मुख्य कार्यालय, जाता जाता सांगतो, पूर्वी आपल्या मुंबईतच होते.)

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना असेच कोंडले होते. त्याविषयीची छायाचित्रे आपण हळहळत एकमेकांना पाठवतो. त्या देशाने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले, आणि मँझनारची छावणी आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. भारत सरकारने देवळीबद्दल आजवर माफी मागितलेली नाही. छावणीच्या जागी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

आठवण राखली ती लेखकांनी. रीता चौधरी यांची असमिया कादंबरी ‘माकाम’ २०१० ची. जॉय मा आणि मुंबईचे दिलीप डिसोझा यांचे ‘द देवलीवालाज’ २०२० चे. कॅनडात स्थायिक झालेल्या वृद्ध स्थानबद्धांनी भारत सरकारकडे क्षमायाचना मागितली आहे, आणि देवळीत एक स्मारक. नुकसानभरपाईचा आकडाही त्यांनी पुढे केलेला नाही. तरीही १९६२ वर लिहिताना आपण नकाशे काढतो, सेनापतींच्या चुका मोजतो, नेहरू-मेनन यांच्यावर रात्र रात्र भांडतो. त्या भांडणात माकुमचे नाव कितीदा ऐकलेत?

देवळीत डांगे आणि जयप्रकाशांच्या नावाचा फलक जरूर लागावा. त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, १९६२ ते १९६७ लिहावे, आणि खाली त्या तीन हजार जणांची नावे.