पगारी माणसाचा सत्कार

‘पगार घेणाऱ्याचा कसला सत्कार? जंगल राखणं ही त्याची नोकरीच. शाल-श्रीफळ द्यायचंच तर पदरमोड करून हौसेनं जंगलात जाणाऱ्यांना द्या.’ नागपुरातल्या एका जाणत्या निसर्गप्रेमी गृहस्थांचं हे मत सध्या बैठकीबैठकीत फिरतंय. म्हणजे पायी गस्त घालणारा तो नोकर, आणि जिप्सीत बसून फोटो काढणारा तो निसर्गसेवक!

मारुती चितमपल्ली वनखात्यात 36 वर्षं पगारच घेत होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही सगळी नोकरीतलीच भटकंती. ‘पक्षिकोश’ तिच्याच बळावर उभा राहिला. पद्मश्री मिळाली 2025 साली, निवृत्तीला तीनेक दशकं उलटून गेल्यावर, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. या गृहस्थांच्या हिशेबानं सरकारनं ती परतच मागवायला हवी होती. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्यात कोलाऱ्याकडे व्याघ्रगणनेसाठी खुणा टिपत पायी निघालेली वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. हेही पगारातच धरायचं का? आणि उन्हाळ्यात जाळरेषा साफ करणारा, पाठीवर ब्लोअर घेऊन वणव्यामागे धावणारा वनमजूर पुष्कळदा रोजंदारीवरचा. त्याला धड पगारीही म्हणता येत नाही, म्हणजे तुमच्याच नियमानं तो पात्र. तरी सत्काराच्या यादीत त्याचं नाव नसतं, कारण बायोडेटा टाइप करून द्यायला त्याच्याकडे कुणी नसतं.

हौशींचं म्हणाल, तर 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याच जंगलातल्या ‘जय’ वाघाला आपण नटासारखं डोक्यावर घेतलं होतं, 2016 मध्ये तो दिसेनासा झाला.

पुरस्कारांनी जंगल वाचत नाही, हा त्या गृहस्थांचा दुसरा मुद्दा. कबूल. मग आधी स्वतःच्या दिवाणखान्यातली मानपत्रं उतरवा.

माझं म्हणणं एवढंच, की सन्मान बीटवरच्या माणसाचा आणि गावाचा व्हावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. अशा ठिकाणी एकट्यादुकट्याच्या गळ्यात हार कशाला? पुरस्काराची रक्कम ग्रामसभेकडे द्या. निवड समितीही नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये नको, जंगलाच्या बफरमधल्या एखाद्या ग्रामपंचायतीत बसवा. चहा तिथंही मिळतो.