न्यायाची पदवी आणि तुरुंगाचे दार

पोप फ्रान्सिस ह्यांनी आपल्या आयुष्यातील अखेरचा पवित्र गुरुवार कोठे घालवला, हे वाचकांना आठवत असेल. १७ एप्रिल २०२५ रोजी, दीर्घ आजारपणातून नुकतेच बाहेर आलेले ते वृद्ध परमगुरू रोममधील रेजिना चेली ह्या तुरुंगात गेले आणि सुमारे सत्तर बंदीजनांना भेटले. दरवर्षीप्रमाणे बंदीजनांचे पाय धुणे त्यांच्या थकलेल्या शरीराला ह्या खेपेस शक्य नव्हते. तरीही ते गेले. चार दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. त्याआधी २६ डिसेंबर २०२४ रोजी पवित्र वर्षाचे एक पवित्र द्वार त्यांनी रोममधीलच रेबिब्बिया तुरुंगात उघडले होते.

त्यांच्यानंतर ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे शिकागोचे सुपुत्र. फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा ह्या ऑगस्टिनियन संघाच्या विद्यापीठातून ते १९७७ साली गणिताचे पदवीधर झाले. ह्या विद्यापीठाची एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. १९७२ पासून त्याचे प्राध्यापक ग्रेटरफर्ड येथील तुरुंगात जाऊन तेथील बंदीजनांना पदवीचे शिक्षण देत आले आहेत. तरुण रॉबर्ट प्रिव्होस्ट विद्यापीठाच्या आवारात गणित शिकत होते, त्याच वर्षांत त्याच विद्यापीठाचे वर्ग तुरुंगाच्या भिंतीआडही भरत होते. २०१८ साली ग्रेटरफर्ड बंद झाल्यावर हे शिक्षण शेजारी उभारलेल्या फिनिक्स ह्या नव्या तुरुंगात सुरू राहिले.

ह्या निमित्ताने आम्हांला एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. अमेरिकेतील अनेक कॅथोलिक विद्यापीठांत ‘फौजदारी न्याय’ किंवा ‘गुन्हेशास्त्र’ हा पदवीचा विषय म्हणून शिकवला जातो. बारावीनंतरचा अठरा वर्षांचा विद्यार्थी चार वर्षे पोलीस, न्यायालये, तुरुंग, गुन्ह्यांची कारणे आणि शिक्षेचे परिणाम ह्यांचा अभ्यास करतो. हा विषय सरकारी विद्यापीठांतही मिळतो. मग कॅथोलिक विद्यापीठ त्यात वेगळे काय घालते? आणि त्याचा आपल्याशी काय संबंध?

विषयाचा उगम

फौजदारी न्यायाची स्वतंत्र पदवी ही फार जुनी गोष्ट नाही. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी गुन्हे आणि न्यायव्यवस्था ह्यांचा अभ्यास करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६७ साली आला, १९६८ साली कायदा झाला आणि पोलिसांनी महाविद्यालयीन शिक्षण घ्यावे म्हणून केंद्र सरकारचा पैसा वाहू लागला. त्या पैशाबरोबर देशभर ह्या विषयाचे विभाग उभे राहिले. हेतू चांगला होता. परंतु ज्या काळात हे विभाग वाढले, त्याच काळात तुरुंगही वाढले. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या राज्य व संघीय तुरुंगांत सुमारे दोन लाख माणसे होती. २००९च्या सुमारास ती सोळा लाखांवर गेली. त्यानंतर संख्या काहीशी घटली, तरी आजही ती बारा लाखांच्या आसपास आहे, आणि स्थानिक कोठड्यांतील माणसे त्यात धरलेली नाहीत. पदवीधर वाढले म्हणून न्याय वाढला, असे म्हणता येत नाही. यंत्र चालवायला शिकवणे एवढेच शिक्षणाचे काम असेल, तर यंत्र कोणाला भरडते हा प्रश्न वर्गात उपस्थितच होत नाही.

अमेरिकेच्या कॅथोलिक बिशपांनी नोव्हेंबर २००० मध्ये गुन्हे व न्याय ह्या विषयावर एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. गुन्ह्याची जबाबदारी, गुन्हेगाराची सुधारणा आणि तुटलेल्या नात्यांची पुनर्बांधणी ह्या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत, असा त्याचा आशय. बळी पडलेली व्यक्ती आणि गुन्हा करणारी व्यक्ती, दोघेही देवाच्या प्रतिमेत घडलेले आहेत, ही त्यामागची श्रद्धा. कॅथोलिक विद्यापीठातील गुन्हेशास्त्राच्या वर्गाला खरा वेगळेपणा येतो तो ह्या भूमिकेतून.

लोयोलाचे उदाहरण

शिकागो येथील लोयोला विद्यापीठ हे येशूसंघीयांनी १८७० साली स्थापन केले. तेथे फौजदारी न्याय व गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे. विद्यार्थ्याला गुन्ह्यांविषयीचे सिद्धांत, न्यायालयांचे व तुरुंगांचे कामकाज, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकावे लागते. त्याच्या जोडीला ईशज्ञान, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र हेही विद्यापीठाच्या सर्व पदवी विद्यार्थ्यांप्रमाणे त्याला चुकत नाही. पोलीस अधिकारी होऊ इच्छिणारा विद्यार्थी सकाळी आकडेवारी तपासतो आणि दुपारी माणसाची प्रतिष्ठा म्हणजे काय ह्यावर निबंध लिहितो. ही सांगड वरवर चमत्कारिक वाटेल. पण तिचे फळ काय असू शकते ते जामिनाच्या प्रश्नात दिसते.

इलिनॉय राज्यात पूर्वी अटक झालेल्या माणसाला जामिनाची रक्कम ठरवून दिली जाई आणि सुटायचे असल्यास सर्वसाधारणपणे तिचा दहावा हिस्सा न्यायालयात भरावा लागे. ज्याच्याजवळ पैसे, तो घरी. ज्याच्याजवळ नाहीत, तो खटला उभा राहीपर्यंत कोठडीत. आरोप एकच असला तरी खिशाप्रमाणे न्याय वेगळा. १८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयने रोख जामिनाची पद्धत संपूर्ण रद्द केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. आता आरोपीला कोठडीत ठेवायचे असेल, तर तो इतरांना धोकादायक आहे किंवा पळून जाईल, हे सरकारी वकिलाने न्यायाधीशांसमोर दाखवावे लागते. ‘गुन्हेगार मोकाट सुटतील’ अशी ओरड त्या वेळी खूप झाली.

ह्या ओरडीला उत्तर घोषणेने देता आले असते. लोयोलाच्या संशोधन केंद्राने ते मोजमापाने दिले. राज्यातील न्यायालयांची व कोठड्यांची माहिती गोळा करून त्यांनी बदलाचे परिणाम तपासले. पहिल्या वर्षाअखेरचा निष्कर्ष असा की कोठड्यांतील संख्या घटली, भाकीत केलेली गुन्ह्यांची लाट आली नाही, आणि सुटलेले लोक तारखांना गैरहजर राहण्याचे प्रमाणही वाढले नाही. संख्याशास्त्र आणि नीतिशास्त्र एकाच छताखाली शिकवण्याचा अर्थ हाच. गरिबाविषयी कळवळा असणे पुरेसे नाही. त्याच्या बाजूने खरे आकडे मांडता आले पाहिजेत, आणि आकडे विरुद्ध गेले तर तेही प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजेत.

बळींचे काय?

येथे काही वाचक आम्हांला थांबवतील. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याची मुलगी छळली गेली, ज्याचा भाऊ मारला गेला, त्याच्यासाठी ह्या विद्वानांजवळ काय आहे? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणारे ख्रिस्ती लिखाण आम्हांला अपुरे वाटते. दयेच्या नावाखाली बळींचे दुःख झाकणे हा न्याय नव्हे.

ह्यासंबंधी एक घटना पाहू. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात एका तरुणाची गोळी घालून हत्या झाली. त्या गुन्ह्यासाठी व्हॅलेन्टिनो डिक्सन ह्याला शिक्षा झाली. वास्तविक दुसऱ्या एका माणसाने त्या दिवसांतच हत्येची कबुली दिली होती. डिक्सन तुरुंगात गोल्फच्या मैदानांची चित्रे काढत असे. त्या चित्रांमुळे २०१२ साली गोल्फविषयक एका नियतकालिकाने त्याची कहाणी छापली. २०१८ साली वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन ह्या येशूसंघीय विद्यापीठात प्राध्यापक मार्क हॉवर्ड आणि त्यांचे बालमित्र मार्टी टँक्लेफ ह्यांनी पदवी विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. टँक्लेफ ह्यांनी स्वतः न केलेल्या गुन्ह्यासाठी सतराहून अधिक वर्षे तुरुंगात काढली होती. विद्यार्थ्यांच्या एका गटाने डिक्सनच्या खटल्यावर माहितीपट केला. त्यासाठी घेतलेल्या मुलाखतीत पूर्वीच्या सरकारी वकिलांच्या तोंडून हे बाहेर आले की आरोपीच्या कपड्यांवर दारूगोळ्याचे अंश सापडले नव्हते. ही गोष्ट बचाव पक्षाला कधी कळवलीच नव्हती. वकिलांच्या प्रयत्नांना ह्या कामाची जोड मिळाली. सप्टेंबर २०१८ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सत्तावीस वर्षांनी डिक्सन मुक्त झाला.

निरपराध माणूस कोंडला गेला, तेव्हा बळी पडलेल्या तरुणाच्या घरालाही न्याय मिळाला नव्हता. मिळाला तो केवळ न्यायाचा आभास. म्हणून आरोपीची बाजू नीट तपासणे हे बळींच्या विरुद्ध नाही. ते बळींच्या न्यायाचेच अंग आहे.

बळींविषयी बोलताना आपल्याच घराकडेही पाहावे लागते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी पेनसिल्व्हेनियातील ग्रँड ज्युरीचा अहवाल जाहीर झाला. सहा धर्मप्रांतांत सुमारे सत्तर वर्षांच्या काळात तीनशेहून अधिक धर्मगुरूंनी हजारापेक्षा अधिक बालकांचे लैंगिक शोषण केल्याचे त्यात नमूद होते; आणि ते कसे दडपले गेले तेही होते. कॅथोलिक विद्यापीठात गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा अहवाल चुकवून पुढे जाता येणार नाही. संस्था स्वतःला वाचवण्यासाठी दुर्बलाला कशी गप्प करते, ह्याचा धडा त्याला आपल्या मातेच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या, इतिहासातूनच शिकावा लागतो. हे वेदनादायक आहे. पण जी संस्था आपल्या अपराधाचा अभ्यास करू देत नाही, तिला दुसऱ्यांच्या अपराधांवर पदवी देण्याचा अधिकार उरत नाही.

आपल्या दाराशी

जामिनाचा प्रश्न शिकागोपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांमध्ये तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नव्हता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण आले होते. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडून दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भावाने जामीन देऊ केला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ह्या पद्धतीवर कठोर टीका केली. त्याला आता जवळजवळ अर्धे शतक लोटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाने, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सुटकेची वाट मोकळी केली आहे. परंतु ऐपतीचा दाखला आणि जामीनदार मिळवून देणारे कोणी नसेल, तर कायद्यातील वाट कोठडीच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

झारखंडमधील अशा आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी लढणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच अटकेत गेले आणि नवी मुंबईतील तळोजा कारागृहात कच्चे कैदी झाले. कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी पाणी पिण्यासाठी त्यांना नळीच्या पेल्याची मागणी करावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्यांनी देह ठेवला. तोपर्यंत त्यांचा जामीन झाला नव्हता आणि खटलाही उभा राहिला नव्हता.

आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबे मुलांना अमेरिकेला पाठवण्याचा विचार करतात. त्यांना स्पष्ट सांगावयास हवे. लोयोलासारख्या विद्यापीठाचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला पन्नास हजार डॉलरहून अधिक आहे, आणि ह्या विषयाशी निगडित अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी तेथील नागरिकत्व लागते. केवळ नोकरीसाठी हा मार्ग धरू नये. शिवाय ह्या सेवेसाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. मुंबईतील निर्मला निकेतन हे धर्मभगिनींनी १९५५ साली सुरू केलेले महाविद्यालय समाजकार्याची पदवी देते. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंदीजनांमध्ये काम करीत आहे. विधी महाविद्यालये आपल्या आसपास आहेत, आणि प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही चळवळ देशभर तुरुंगांत जाते.

आपण आपल्या मुलांना डॉक्टर, अभियंता, शिक्षक होण्याचे स्वप्न देतो. पोलीस भरतीची तयारीही करून घेतो. कच्च्या कैद्याचे कागद वाचणारा वकील, त्याच्या घरी जाऊन जामीनदार शोधणारा समाजसेवक, तुरुंगात माणुसकीने वागणारा अधिकारी, हेही एखाद्या ख्रिस्ती घराचे स्वप्न का असू नये? संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यात प्रभू आपल्याला कोणती पदवी मिळवली हे विचारत नाही. आपण बंदिवासात असताना कोण आले होते, हे मात्र तो सांगतो. येत्या वर्षी ज्यांच्या घरातील मुले बारावी होतील त्यांनी, आणि युवकांना मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या धर्मगुरूंनी, ह्या वाटेचाही विचार करावा, एवढीच आमची विनंती.