जोडलेली प्रत ही प्रत नव्हे

आपल्या घरातली हिशेबाची वही आता संगणकात गेली आहे. कापडाचे दुकान असो, बेकरी असो, गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा असो की घरातल्या मुलींनी सुरू केलेले शिवणकाम. उधारी, बिले, गिऱ्हाइकांची मापे आणि कारागिरांची मजुरी एकाच यंत्रात साठलेली असते. कागदाची वही भिजू नये, तिला वाळवी लागू नये म्हणून आपले वडीलधारे ती कपाटात जपून ठेवत. संगणकातली वही एका रात्रीत नाहीशी झाली तर सकाळी दुकान कशाच्या भरवशावर उघडायचे, हे आपण घरात बसून कधी ठरवले आहे का?

हा प्रश्न फक्त छोट्या दुकानदाराचा नाही. २७ जून २०१७ रोजी तो मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीपुढे उभा राहिला. तेव्हा जगातल्या कंटेनर वाहतुकीचा जवळजवळ पाचवा हिस्सा सांभाळणारी ही कंपनी. त्या दिवशी तिचे संगणक एकामागून एक बंद पडले. ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जात होती. पण पैसे भरले तरी फायली परत मिळण्याची सोयच नव्हती. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडे एक टर्मिनल होते. तिथलेही काम अडकले.

खरी लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढे आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या यंत्रात प्रवेश आहे, याची नोंद सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर कंपनीकडे होते. ते सारे एकमेकांच्या प्रती होते. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा विचार त्यामागे होता. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर राहिला. एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी लोडशेडिंगचा आधार मिळाला! ती नोंद माणसांच्या हाती घानाहून नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचवावी लागली. मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

आता आपल्या दुकानाकडे पाहू. आपण बॅकअप घेतो म्हणतो, पण तो पेनड्राइव्ह बारा महिने संगणकालाच लावलेला असतो. फायलींना कुलूप घालणारा व्हायरस आला की तो त्या पेनड्राइव्हलाही सोडत नाही. आपोआप जुळत राहणाऱ्या ऑनलाइन फोल्डरचेही तेच. इथली फाइल बिघडली की तिथलीही बिघडते. काही सेवा जुनी प्रत थोडे दिवस ठेवतात, पण त्या एकीवरच विसंबून राहू नये.

उपाय स्वस्त आहे. दोन हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह घ्यावेत. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद करण्याआधी एकावर सगळा हिशेब उतरवावा, तो काढून घरी न्यावा आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा वापरावा. म्हणजे एक प्रत नेहमी दुकानाबाहेर आणि संगणकापासून तुटलेली राहील. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप म्हणजे कोरी वही.

अपडेटमधून व्हायरस आला म्हणून अपडेटच नको, असे मात्र समजू नये. या व्हायरसने विंडोजच्या ज्या दोषाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावरही तो पसरला. म्हणून सगळ्या संगणकांना एकच पासवर्ड ठेवू नये आणि फुकटात मिळणारे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर दुकानात येऊ देऊ नये.

इतके करूनही पडद्यावर खंडणीची मागणी दिसलीच, तर आधी इंटरनेट तोडावे आणि बाकीची यंत्रे वेगळी करावीत. घाबरून पैसे पाठवू नयेत. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे.

आपल्या वहीत फक्त आपले येणे नसते. ईदच्या कपड्यांसाठी कोणी दिलेला बयाणा असतो, एखाद्या कारागिराची राहिलेली मजुरी असते, थोडे थोडे फेडणाऱ्या बाईचे हप्ते असतात. ही लोकांची अमानत आहे. नोंद गेली तर कोणाचे किती देणे, हे आपण कशाच्या आधारावर सांगणार? म्हणून या आठवड्यातच घरात बसून ठरवू या, शुक्रवारची ही जबाबदारी कोणाची. अब्बांना जमत नसेल तर कॉलेजात जाणारी मुलगी ती आनंदाने घेईल. काम फक्त दहा-पंधरा मिनिटांचे आहे.