सब्र एकट्या आईनेच का करायचा?

अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या किंवा जुहू गल्लीच्या वस्तीत ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई भेटली की आपण म्हणतो, "अल्लाह तुम्हें सब्र दे." दुआ चांगलीच आहे. पण दुआ देऊन आपण आपल्या कामाला लागतो आणि सब्र करायला ती एकटी उरते.

विशेष शाळा हे एकटेपण मोडते. 1944 साली होरमसजी आणि जय वकील या पारशी दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या दिना या मुलीसाठी शाळा सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही संस्था घरातल्या गरजेतून निघाल्या, पण घरापुरत्या राहिल्या नाहीत.

अशा शाळेत प्रत्येक मुलाचे उद्दिष्ट वेगळे ठरते. कुणी शर्टाची बटणे लावायला शिकतो, कुणी चित्रांची कार्डे दाखवून पाणी मागायला, कुणी नोटा ओळखायला. वाचा आणि फिजिओथेरपीचे तज्ज्ञ मदतीला असतात. पण खरे काम पालकांसोबत होते. मूल शाळेत स्वतःच्या हाताने जेवले आणि घरी आईच भरवत राहिली, तर शिकलेले टिकत नाही. म्हणून शाळा आईवडिलांनाही शिकवते. तिथे इतर आया भेटतात आणि आपण एकट्या नाही हे तिला पहिल्यांदा कळते.

मग आपली मुले घरात का राहतात? भाडे, कागदपत्रे आणि लाज ही तीन कारणे. कधी दर्गा आणि तावीज यांतच सुरुवातीची वर्षे जातात, आणि शिकायला तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवडही त्यांचीच. निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. अंधेरीहून शिवडीला हार्बरची थेट लोकल जाते, तिला दिव्यांगांचा डबा असतो. पण प्रमाणपत्राशिवाय यातले बहुतेक काही हाती लागत नाही, आणि ते काढायला रुग्णालयाच्या खेपा कोण घालणार?

कुरआनची 80 वी सूरा, 'अबस', आपण लहानपणी पाठ करतो. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम या अंध सहाबींकडे दुर्लक्ष झाले, त्यावर ती उतरली. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान देत आणि पैगंबर (स.) बाहेरगावी असताना शहराची जबाबदारी त्यांच्याकडे असे. त्या समाजाने त्यांना दयेपेक्षा मोठी गोष्ट दिली, काम दिले.

आपल्याला एवढे करता येईल. मोहल्ल्यातल्या दोन तरुणांनी एका कुटुंबाचा यूडीआयडीचा अर्ज भरावा, रुग्णालयात सोबत जावे. मशिदीच्या ट्रस्टने गरजू मुलाचे रिक्षाभाडे मदतनिधीतून द्यावे, पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधावा. मकतबच्या उस्तादांनी अशा मुलाला परत पाठवू नये, मागच्या रांगेत का होईना, बसू द्यावे. आणि आठवड्यातून दोन तास कुणीतरी त्या मुलाजवळ बसावे, म्हणजे त्याची आई झोपू शकेल.

सब्र वाटून घेतला तर पेलतो. पुढच्या वेळी दुआ देताना तिचा फोन नंबरही मागून घ्या.