तास झाला, उत्तर कुठे आहे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महाविद्यालयांचे वर्ग रातोरात मोबाईलवर गेले. साथ ओसरली, वर्ग पुन्हा भरू लागले, पण दूरस्थ अध्यापन गेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा दिली. तेव्हा ती तात्पुरती सोय होती, आता संपली, असे म्हणून चालणार नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून रोज बसची वाट पाहणाऱ्या मुलामुलींशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

आमचा आक्षेप यंत्राला नाही, पद्धतीला आहे. वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे म्हणायचे, यालाच अनेक ठिकाणी दूरशिक्षण समजले गेले. पलीकडे कोणी ऐकते आहे की फोन चुलीजवळ ठेवून शेतावर गेले आहे, हे प्राध्यापकांना कळावे कसे? २०१४ साली ‘एडएक्स’वरील पाठ पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदी तपासण्यात आल्या. पाठ कितीही लांब असो, तो पाहण्याचा सर्वसाधारण काळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता.

हा धडा जुनाच आहे. १९८४ मध्ये आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. कार्यक्रम मेहनतीने केलेले होते. पण भाषा इंग्रजी, आणि शंका आली तर विचारायची कोणाला? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे १९७१ पासून बीबीसीवरील पाठांमुळे नाव झाले. त्याचा खरा कणा मात्र टपालाने येणारा स्वाध्याय आणि त्यावर शिक्षकाने लिहिलेला सविस्तर शेरा हाच होता. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने, राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाच्या काळात, घरी बसून शिकणाऱ्यासाठी मराठीतून पाठ्यपुस्तके तयार केली. मराठीतून उच्च शिक्षण दुरून देता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

सीमाभागात प्रश्न भाषेपाशी येऊन अडतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत हुशार म्हणून गणलेली मुलगी महाविद्यालयात ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ ऐकून गप्प होते. भर वर्गात मोडक्या इंग्रजीत शंका विचारण्याचे धैर्य तिला होत नाही. तिलाच ‘मागणीची लवचिकता’ म्हणून सांगा : मिठाचा भाव वाढला म्हणून कोणी मीठ कमी खात नाही, काजूचा वाढला तर हात आखडतो. तिला दोन मिनिटांत कळते. परीक्षेची भाषा प्राध्यापकांच्या हातात नाही, मान्य. पण दहा मिनिटांचा पाठ आवाजात मुद्रित करणे, त्यासोबत पंधरा-वीस संज्ञांचे मराठी टिपण देणे आणि शंका मराठीतून लिहिण्याची मोकळीक ठेवणे, याला कोणत्या सरकारी आदेशाची गरज आहे? वर्गातील कन्नड मुलांना तसेच टिपण कन्नडमधून मिळावे. त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही.

आवाजाचा असा पाठ दोन-तीन एमबीत मावतो. तासाभराच्या चित्रफितीला कित्येकशे लागतात. गावात रेंज एका टेकाडावरच मिळत असेल, तर हा फरक किरकोळ नाही. पाठ उतरवून घ्यावा, घरी दोनदा ऐकावा, एका प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून त्याचा फोटो पाठवावा. आणि ते उत्तर आठवड्याच्या आत, चूक नेमकी कुठे झाली हे दाखवून परत यावे. नुसते ‘पाहिले’ म्हणून नव्हे. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे जड जाते, हे आम्ही जाणतो. मग दर आठवड्याला पंचवीस वह्या घ्याव्यात. महिन्याकाठी प्रत्येकाची पाळी येते.

पालकांनीही प्रवेश घेताना फी आणि बस यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : मुलीने लिहिलेले कोण तपासणार आणि ते किती दिवसांत परत मिळणार? विचारणारे दहा जण निघाले, तर प्राचार्यांना उत्तर तयार ठेवावेच लागेल.